सूर्याचे आयुष्य आणि मानवाची मुदत

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मकरसंक्रांत दरवर्षी एकाच तारखेला का येते, असा प्रश्न एखादा चुणचुणीत विद्यार्थी विचारतो, तेव्हा ‘ती नेहमीच १४ जानेवारीला येते’ असे उत्तर त्याला बहुधा मिळते. हे उत्तर तितकेसे बरोबर नाही. अलीकडे संक्रांत कधी १४ तर कधी १५ जानेवारीला येते, आणि ती हळूहळू आणखी पुढच्या तारखांकडे सरकणार आहे. सूर्य उत्तरेकडे वळण्याचा प्रत्यक्ष दिवस म्हणजे २१ किंवा २२ डिसेंबर. सुमारे १७०० वर्षांपूर्वी संक्रांत आणि उत्तरायणाचा आरंभ हे दोन्ही एकाच दिवशी येत असत. पृथ्वीचा आस भोवऱ्याच्या आसाप्रमाणे अतिशय सावकाश डुलत असतो आणि एका डुलण्यास त्याला सुमारे २६ हजार वर्षे लागतात. त्यामुळे दर ७२ वर्षांनी साधारण एका दिवसाचे अंतर पडते. एका माणसाचे सारे आयुष्य सरावे तेव्हा आकाशाच्या पंचांगात एक दिवस हलावा, असा हा हिशेब आहे.

ध्रुवाला आपल्याकडे अढळपद दिलेले आहे. तथापि याच डुलण्यामुळे ध्रुवाचे ते पदही कायमचे नाही. सुमारे १२ हजार वर्षांनी उत्तर दिशा दाखविण्याचे काम अभिजित ताऱ्याकडे जाईल. त्याहीनंतर चक्र फिरून आजचा ध्रुव पुन्हा आपल्या जागी येईल. आकाशात अढळ असे काही नाही. मात्र जे बदलते ते नियमाने बदलते, आणि नियमाने बदलते म्हणूनच त्याचे गणित मांडता येते. मानवजातीच्या दूरच्या भवितव्याचा विचार याच गणिताच्या आधारे करावयाचा आहे. तो भविष्यकथनाचा विषय नव्हे.

सूर्याच्या वयाचा हिशेब

सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे आहे. त्याच्या गाभ्यात दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर होते आणि या क्रियेत ४० लाख टनांहून अधिक द्रव्य ऊर्जेच्या रूपाने बाहेर पडते. एवढा खर्च करूनही त्याच्या गाभ्यातील इंधन एकूण सुमारे १,००० कोटी वर्षे पुरेल असे गणित आहे. म्हणजे सूर्य आज मध्यम वयाचा आहे.

हे आकडे कानावरून जातात, मनात उतरत नाहीत. म्हणून सूर्याला शंभर वर्षांचे आयुष्य लाभलेला एक गृहस्थ मानू या. त्याचे एक वर्ष म्हणजे आपली १० कोटी वर्षे. या मापाने सूर्याचे वय आज ४६ आहे. चंद्रपूर-वणी भागातील दगडी कोळसा ज्या वनस्पतींपासून झाला, त्या वनस्पती अडीच-तीन वर्षांपूर्वी उन्हात वाढत होत्या. प्रचंड सरीसृप पृथ्वीवरून नाहीसे झाले त्याला आठ महिने झाले. आजच्या मानवाची जात सुमारे ३ लाख वर्षांची आहे, म्हणजे तिला जन्म घेऊन जेमतेम एक दिवस लोटला. माणूस शेती करू लागला त्याला अजून एक तासही झाला नाही. ज्ञानेश्वरी १२९० मध्ये पूर्ण झाली, ती चार मिनिटांपूर्वी. शिवरायांचा १६७४ मधील राज्याभिषेक दोन मिनिटांच्या आत बसतो. देश स्वतंत्र होऊन पंचवीस सेकंद झाले, आणि ग्रामपंचायतीची पाच वर्षांची एक मुदत या घड्याळात दीड सेकंद भरते.

मग पुढे किती शिल्लक आहे? येथे एक मुद्दा नीट ध्यानात घेतला पाहिजे. सूर्याचे अर्धे आयुष्य अजून उरले असले तरी पृथ्वीवरील जीवसृष्टीला तेवढा अवधी मिळणार नाही. सूर्य जसजसा वृद्ध होतो तसतसा तो अधिक प्रखर होत जातो. जन्माच्या वेळी त्याचे तेज आजच्या सुमारे ७० टक्के होते, आणि दर १०० कोटी वर्षांत ते साधारण दहा टक्क्यांनी वाढते. ही वाढ दिसण्यास किरकोळ असली तरी परिणामास मोठी आहे. साधारण १०० कोटी वर्षांनी पृथ्वी इतकी तापेल की समुद्राच्या पाण्याची वाफ होऊ लागेल आणि ती वाफ पुन्हा पावसाच्या रूपाने खाली येणार नाही, असे बहुतेक गणिते सांगतात. काही गणितांत ही मुदत थोडी अधिक येते.

आणखी सुमारे ५०० कोटी वर्षांनी सूर्याच्या गाभ्यातील हायड्रोजन संपेल. मग सूर्य फुगून तांबडा राक्षसी तारा बनेल. बुध आणि शुक्र त्याच्या पोटात जातील. पृथ्वीही बहुधा वाचणार नाही. अखेरीस बाहेरची आवरणे झडून पृथ्वीएवढ्या आकाराचा एक अतिघन श्वेत बटू तारा शिल्लक राहील आणि तो निवत जाईल. सूर्याचा शेवट स्फोटाने होणार नाही, हेही निश्चित आहे. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर या तरुण भारतीय शास्त्रज्ञाने १९३० मध्ये इंग्लंडला जाताना बोटीवर केलेल्या गणितातून श्वेत बटू ताऱ्याच्या वस्तुमानाची मर्यादा निघाली. ती सूर्याच्या सुमारे १.४ पट आहे. सूर्य या मर्यादेच्या आत असल्यामुळे त्याचा अंत शांतपणे होईल. या कार्याबद्दल चंद्रशेखर यांना १९८३ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

आता पुन्हा त्या गृहस्थाकडे वळू. जीवसृष्टीला उरलेली १०० कोटी वर्षे म्हणजे त्याची पुढील दहा वर्षे होत. मानवजात आज एक दिवसाची आहे. एक दिवसाच्या बाळापुढे दहा वर्षांची मुदत पसरलेली आहे, असे या सर्व गणिताचे सार आहे. सूर्य एक दिवस विझणार म्हणून ज्यांना खंत वाटते, त्यांनी हा हिशेब करून पाहावा. मुदत अपुरी आहे, अशी तक्रार करण्यास मानवाला जागा नाही. ते बाळ दुसरा दिवस पाहील की नाही, हा खरा प्रश्न आहे.

सस्तन प्राण्यांची एखादी जात पृथ्वीवर सरासरीने दहा-वीस लाख वर्षे टिकते, असे जीवाश्मांच्या अभ्यासावरून मानले जाते. सूर्याच्या घड्याळात ते चार ते सात दिवस होतात. मानवाने या सरासरीवर समाधान मानावयाचे की ती ओलांडावयाची, हे ठरविण्याची शक्ती मानवापूर्वी कोणत्याही प्राण्याला मिळाली नव्हती.

लोणारची साक्ष

आकाशातून येणाऱ्या संकटाची साक्ष पाहण्यास महाराष्ट्राला दूर जावे लागत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर सर्वांना ठाऊक आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते गोल विवर, त्यातील खारे पाणी, काठावरील जुनी मंदिरे आणि लवणासुराच्या वधाची कथा पिढ्यान्पिढ्या चालत आलेली आहे. इंग्रज अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर याने १८२३ मध्ये त्याची नोंद केली. पुढे दीर्घकाळ ते ज्वालामुखीचे मुख असावे असे मानले जाई. चहूकडे काळा कातळ असल्यामुळे तसे वाटणे स्वाभाविक होते. १९७३ मध्ये भारतीय व अमेरिकन भूशास्त्रज्ञांनी विवरात खणून काढलेल्या खडकांची तपासणी प्रसिद्ध केली. प्रचंड आघातानेच होऊ शकतात असे बदल त्या खडकांतील स्फटिकांत आढळले, आणि लोणार हे अशनिपाताने झालेले विवर असल्याचे सिद्ध झाले. बेसाल्ट खडकात झालेली अशी विवरे जगात फार थोडी आहेत. लोणारच्या वयाबद्दल ५० हजार वर्षांपासून ५ लाख ७० हजार वर्षांपर्यंत निरनिराळे अंदाज आहेत. सूर्याच्या घड्याळात सांगावयाचे तर ही घटना फार तर दोन दिवसांपूर्वीची, कदाचित चार-पाच तासांपूर्वीचीच आहे.

ज्या कातळात लोणारचे विवर पडले, तो कातळही एका महान उलथापालथीचा साक्षीदार आहे. सह्याद्रीचे थर ज्या लाव्हारसाचे झाले, तो रस सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर पसरत होता. त्याच सुमारास मेक्सिकोतील युकातान येथे सुमारे दहा किलोमीटर व्यासाचा एक लघुग्रह आदळला आणि सुमारे १८० किलोमीटर व्यासाचे विवर पडले. पृथ्वीवरील जीवजातींपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश जाती त्या काळात नष्ट झाल्या. लुई व वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये त्या काळच्या मातीच्या थरातील इरिडियम या धातूच्या प्रमाणावरून हा निष्कर्ष प्रथम मांडला. त्या विनाशात दख्खनच्या लाव्हाचा वाटा किती व लघुग्रहाचा किती, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. परंतु ज्या सरीसृपांनी पंधरा-सोळा कोटी वर्षे पृथ्वी गाजविली, त्यांच्यापाशी आकाशाकडे पाहण्याची विद्या नव्हती, हे निर्विवाद आहे.

एवढे मोठे आघात कोट्यवधी वर्षांतून एकदा होतात. लहान आघात मात्र माणसाच्या आठवणीतले आहेत. ३० जून १९०८ रोजी सैबेरियातील तुंगुस्का भागात आकाशात झालेल्या स्फोटाने २,००० चौरस किलोमीटरहून अधिक जंगल आडवे झाले. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर सुमारे वीस मीटर व्यासाचा अशनी वातावरणात फुटला आणि सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली. यांतील बहुतेकांना खिडक्यांच्या फुटलेल्या काचा लागल्या होत्या. प्रकाश आधी दिसला आणि धक्का नंतर पोहोचला. लखलखाट पाहण्यासाठी लोक खिडकीपाशी गेले, तेवढ्यात काचा फुटल्या. ‘असा लखलखाट दिसताच खिडकीपासून दूर व्हावे’ एवढे एक वाक्य त्यांना ठाऊक असते, तर पुष्कळांची इजा टळली असती.

पहारा आणि उपाय

या बाबतीत गेल्या काही दशकांत मोठी प्रगती झाली आहे. पृथ्वीच्या वाटेजवळून जाणाऱ्या, एक किलोमीटरहून मोठ्या लघुग्रहांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक आता सापडले आहेत आणि त्यांच्या कक्षा ठरविण्यात आल्या आहेत. त्यांपैकी कोणाचाही पुढील शंभर वर्षांत पृथ्वीवर आदळण्याचा लक्षणीय धोका नाही. दीडशे मीटरच्या आसपासचे, म्हणजे एखादा जिल्हा उद्ध्वस्त करू शकणारे लघुग्रह मात्र निम्म्याहून अधिक अद्याप सापडावयाचे आहेत, असा अंदाज आहे. चिलीमधील व्हेरा रुबिन वेधशाळेने २०२५ मध्ये आपली पहिली छायाचित्रे प्रसिद्ध केली. ही उणीव भरून काढण्यास तिचा मोठा उपयोग होईल.

केवळ पहारा ठेवून भागत नाही, उपायही हवा. २६ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या नासा या संस्थेने ‘डार्ट’ नावाचे यान डायमॉर्फस या सुमारे १६० मीटर व्यासाच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळविले. तो लघुग्रह आपल्याहून मोठ्या सोबत्याभोवती ११ तास ५५ मिनिटांत एक फेरी घालीत असे. आघातानंतर त्या फेरीचा वेळ सुमारे ३२ मिनिटांनी कमी झाला. एका खगोलाचा मार्ग माणसाने जाणूनबुजून बदलल्याची इतिहासातील ही पहिलीच घटना होय. ज्या दिवशी हे घडले, त्या दिवसापासून मानवाची स्थिती त्या सरीसृपांपेक्षा निराळी झाली.

तथापि या उपायाला एक अट आहे, ती म्हणजे वेळ. लघुग्रहाला लावलेल्या थोड्याशा धक्क्याचे मोठे अंतर होण्यास वर्षे लागतात. म्हणून धोका दहा-वीस वर्षे आधी कळला तर उपाय शक्य आहे. दहा दिवस आधी कळला तर गावे रिकामी करण्यापलीकडे फारसे काही हाती उरत नाही. २७ डिसेंबर २०२४ रोजी ‘२०२४ वायआर४’ हा सुमारे साठ मीटरचा लघुग्रह सापडला. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये सुमारे तीन टक्क्यांपर्यंत वर गेली होती, आणि तो पडू शकेल असा जो लांबलचक पट्टा काढण्यात आला होता, त्यात अरबी समुद्र आणि दक्षिण आशियाचा काही भागही येत होता. पुढील काही दिवसांत अधिक वेध घेतल्यावर ही शक्यता जवळजवळ शून्यावर आली. यात शास्त्रज्ञांची चूक झाली, असे समजणे योग्य नाही. अपुऱ्या वेधांवरून शक्यता सांगावयाची, वेध वाढताच ती दुरुस्त करावयाची आणि दोन्ही वेळा ती लोकांपुढे ठेवावयाची, ही शास्त्राची रीत आहे. अशा वेळी गावात अफवा पसरणार की माहिती, हे तेथील शिक्षक आणि सरपंच यांच्यावर फार अवलंबून असते.

१३ एप्रिल २०२९ रोजी अपोफिस नावाचा तीनशे मीटरहून मोठा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून निघून जाणार आहे. दूरदर्शन व संदेशवहनाचे काही कृत्रिम उपग्रह याहून अधिक उंचीवर फिरतात. पुढील निदान शंभर वर्षे अपोफिसपासून कोणताही धोका नाही, हे सिद्ध झालेले आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२९ हे वर्ष लघुग्रहविषयक जागृतीचे व ग्रहरक्षणाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळण्याचे ठरविले आहे. शाळांनी त्याची तयारी आतापासून करावी. त्या वेळी जगबुडीच्या वार्ता पसरविणारेही निघतील, आणि त्यांना उत्तर देण्याचे काम शाळांनाच करावे लागेल.

सूर्याच्या स्वभावावरही असाच पहारा आहे. मार्च १९८९ मध्ये सूर्यावरील वादळामुळे कॅनडातील क्वेबेक प्रांतात सुमारे ६० लाख लोकांची वीज नऊ तास बंद पडली होती. भारताचे आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर अंतरावरील आपल्या ठाण्यावर पोहोचले. सूर्याची अतिनील प्रकाशातील छायाचित्रे घेणारी त्यावरील दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली आहे.

दुसरे घर शोधता येईल काय?

पृथ्वी राहण्यास अयोग्य होण्यापूर्वी मानवाने अन्य ताऱ्यांकडे जावे, असे काही विचारवंत सुचवितात. १०० कोटी वर्षांत काय शक्य होईल हे आज कोणी सांगू नये. परंतु आजचे अंतर किती आहे, हे पाहून ठेवणे बरे. ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघालेले व्हॉयेजर-१ हे यान मानवनिर्मित वस्तूंपैकी सर्वांत दूर पोहोचले आहे. ते सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जात आहे. २०१२ मध्ये ते सौरवाऱ्याची हद्द ओलांडून ताऱ्यांमधील अवकाशात शिरले. जवळजवळ अर्धशतकाच्या या प्रवासात प्रकाशाला जेमतेम एक दिवस लागेल एवढेच अंतर त्याने कापले आहे. सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याचा प्रकाश येथे पोहोचण्यास सव्वाचार वर्षे लागतात. व्हॉयेजरच्या वेगाने तेथे जावयाचे तर सुमारे ७५ हजार वर्षे हवीत. शुक्रावर शिसे वितळेल एवढी उष्णता आहे. मंगळावर श्वास घेण्याजोगी हवा नाही. ओसाड माळावर वसाहत करणे अवघड असते, याचा अनुभव धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचे काम केलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याला आहे. तेथे निदान हवा, पाणी आणि माती असते. त्यावरून उरलेल्या अडचणींची कल्पना करता येईल.

याच यानावर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली एक ध्वनिमुद्रिका आहे. तीत जगातील ५५ भाषांतील शुभेच्छा आहेत आणि त्यांत मराठीही आहे. तीत गोव्यातील केरी गावी १८९२ मध्ये जन्मलेल्या केसरबाई केरकर यांनी गायिलेली भैरवी आहे. यान उडाल्यानंतर अकराव्या दिवशी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाईंचे मुंबईत निधन झाले. त्यांचा स्वर मात्र ताऱ्यांच्या वाटेवर आहे. सुमारे ४० हजार वर्षांनी ते यान आणखी एका ताऱ्याच्या बऱ्याच जवळून जाईल. ती मुद्रिका कोणी ऐकेल की नाही, हे सांगता येत नाही. परंतु ती तयार करणाऱ्यांनी आपल्या हयातीपलीकडे, किंबहुना आपल्या संस्कृतीच्याही पलीकडे विचार केला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

एका मिनिटातील उधळपट्टी

आता सूर्याच्या घड्याळातील शेवटच्या एका मिनिटाकडे पाहावे. ते एक मिनिट म्हणजे गेली दोनशे वर्षे होत. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींनी साठविलेले ऊन कोळशाच्या रूपाने जमिनीत पडून होते. त्याचा फार मोठा भाग या एका मिनिटात जाळण्यात आला. हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण पूर्वी दहा लाखांत २८० भाग होते, ते आता ४२० च्या वर गेले आहे. आज हवेत सोडलेल्या या वायूचा काही अंश हजारो वर्षे तेथे राहील. ज्या सूर्याला पृथ्वी तापविण्यास कोट्यवधी वर्षे लागावीत, त्याच्या आधी माणूसच ती तापवू लागला आहे. याच्या जोडीला अण्वस्त्रांचे साठे आहेत. आकाशातील धोके दुर्मीळ आणि मोजता येण्याजोगे आहेत. जमिनीवरील धोके निकटचे आहेत आणि ते माणसाने स्वतःच निर्माण केलेले आहेत.

यात निराशेचे कारण नाही. जे माणसाने केले ते माणसाला सावरता येते. सूर्याचे वय मात्र कोणाला बदलता येणार नाही. शेतातील सौरपंप आजचे ऊन आजच वापरतो. कोळशाचा पंप कोट्यवधी वर्षांची शिल्लक खर्च करतो. घरखर्च महिन्याच्या मिळकतीतून चालविणारा आणि वडिलोपार्जित जमीन विकून चालविणारा यांत जो फरक आहे, तोच येथे आहे. हा फरक गावात कोणालाही समजावून सांगता येतो.

नोंद आणि वारसा

इतक्या दूरच्या गोष्टींचा ग्रामपंचायतीशी किंवा तालुक्याच्या कचेरीशी संबंध काय, असे कोणास वाटेल. त्यांनी २ एप्रिल २०२२ ची रात्र आठवावी. त्या रात्री विदर्भाच्या आकाशातून जळते तुकडे जाताना हजारो लोकांनी पाहिले, आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी एक मोठे धातूचे कडे येऊन पडले. ते एका चिनी अग्निबाणाच्या उरलेल्या टप्प्याचे अवशेष असावेत, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष निघाला. ती वस्तू प्रथम पाहिली ती गावकऱ्यांनी. तेथे प्रथम पोहोचली ती स्थानिक यंत्रणा. शास्त्रज्ञ नंतर आले. आकाशातून काहीही पडो, त्याचा पहिला पंचनामा गावातच होतो. वेळ कोणती, दिशा कोणती, आवाज किती वेळाने आला, वस्तू गरम होती की थंड, हे कोणी नीट लिहून ठेवले तर त्या नोंदीला शास्त्रात मोल येते. अशा वस्तूला हात न लावणे, ती फोडून वाटून न घेणे आणि तहसीलदारांना ताबडतोब कळविणे, एवढे नियम प्रत्येक ग्रामसभेत एकदा सांगितले गेले पाहिजेत.

लोणारच्या रक्षणाचेही तेच आहे. २०२० मध्ये लोणार सरोवराला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. जे विवर पृथ्वीने हजारो वर्षे जपून ठेवले, ते एका पिढीच्या निष्काळजीपणाने सांडपाण्याचे डबके होऊ नये. तेथे सहल नेणाऱ्या शिक्षकाने मुलांना केवळ दगड दाखवून थांबू नये. येथे एका क्षणात काय घडले आणि पुन्हा घडू नये म्हणून कोण पहारा करीत आहे, हेही सांगावे.

शिक्षकांपाशी तर याहून मोठे साधन आहे. ग्रामीण भागात अजूनही रात्री अंधार आहे, आणि शहरातील मुलांना न दिसणारी आकाशगंगा तेथील मुलांना दिसते. वर्षातून चार रात्री शाळेच्या अंगणात आकाशदर्शन ठेवण्यास खर्च लागत नाही. सप्तर्षी, ध्रुव, अभिजित, मृग एवढे तारे ओळखता आले तरी आरंभ झाला. कोल्हापूरला जन्मलेले आणि पुण्यात ‘आयुका’ उभारणारे डॉ. जयंत नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी निधन झाले. विश्वाच्या उत्पत्तीवर संशोधन करणाऱ्या या शास्त्रज्ञाने शाळकरी मुलांसाठी मराठीत लिहिण्यात कमीपणा मानला नाही. त्यांचे ‘आकाशाशी जडले नाते’ हे पुस्तक प्रत्येक शाळेच्या ग्रंथालयात असावे.

१९७६ मधील घटनादुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्ये संविधानात आली. त्यांत वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि जिज्ञासा यांचा विकास करणे हे एक कर्तव्य आहे. हे कर्तव्य परीक्षेत लिहिण्यापुरते नाही. ज्या समाजाला शक्यता आणि खात्री यांतील फरक कळतो, जो समाज नोंदी ठेवतो आणि त्या पुढच्या पिढीच्या हाती देतो, त्याच समाजाला दहा-वीस वर्षे आधी दिसलेल्या संकटावर इलाज करता येईल. लघुग्रह शोधणाऱ्याच्या हयातीत तो बहुधा येणारही नाही. एका पिढीने पाहावयाचे, दुसरीने गणित करावयाचे, तिसरीने उपाय योजावयाचा, असे हे काम आहे. गावातील चांगली कामेही बहुतेक अशीच झालेली असतात. वडाचे झाड लावणारा त्याच्या सावलीत क्वचितच बसतो.

सूर्याच्या घड्याळात पंचायतीची मुदत दीड सेकंदाची असली, तरी तिला क्षुल्लक समजण्याचे कारण नाही. मानवाचा एक दिवस अशा दीड-दीड सेकंदांचाच झालेला आहे. त्यांतील एखाद्या दीड सेकंदात कोणी विहीर बांधली, कोणी शाळा काढली, कोणी आकाशातील एका ताऱ्याची जागा लिहून ठेवली. म्हणूनच आजच्या माणसाला अकरा तास पंचावन्न मिनिटांचे अकरा तास तेवीस मिनिटे करता आले. सूर्याने मुदत दिली आहे, ती भरपूर आहे. ती पुरी करावयाची की अर्ध्यावर सोडावयाची, याचा निर्णय आकाशात होणार नाही. तो या पृथ्वीवर, गावागावांतून आणि शाळाशाळांतून व्हावयाचा आहे.